बोटाने सुटून आलेली गाठ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. देवापाशीसुद्धा नाही — देवापुढे उभा राहिलो की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायचो, हे ओठांवर यायच्या आत. आज तुमच्यापाशी बोलतो आहे.

इंग्रजी अमदानीत मी महाडला गुरांचा सरकारी डॉक्टर होतो. पोलादपूरकडची डोंगरातली गावंही माझ्याकडेच. तरुण होतो, आणि मला एक नाद होता. एखादं जनावर मान कलती करून गरगर फिरत, भिंतीला कपाळ टेकत मेलं की मालकाची परवानगी काढायची, करवतीनं कवटी कापायची आणि मेंदू पाहायचा. बिरवाडीच्या एका शिकारी कुत्र्याच्या मेंदूत मला गाठ सापडली. मऊ, राखाडी — मेंदू कुठं संपतो आणि गाठ कुठं सुरू होते, कळेना. ते कुत्रं तीन आठवड्यांत गेलं होतं.

मग कुडपणच्या रामजीचा बैल. हा वर्षभर हळूहळू खंगला, आधी एका डोळ्यानं आंधळा झाला. त्याच्या कवटीखाली आवळ्याएवढी टणक गाठ होती. पण मेंदूत शिरलेली नव्हती, नुसती वरून दाबत होती. बोट घातलं तर सुटून हातात आली. रामजी शेजारीच उभा होता. त्यानं ती पाहिली.

दोन्ही गाठी मी बरण्यांत ठेवल्या. झटपट वाढते ती मेंदूत मुरते, संथ वाढते ती वेगळी राहते — असं काहीसं मनात घोळू लागलं. माणसातही असंच असेल का? कोण सांगणार? माणसाचं डोकं मला कोण उघडू देणार होतं?

दोनएक महिन्यांनी कुडपणला खुरकतीची गुरं बघायला गेलो. रामजीनं मला पडवीत नेलं. त्याची बायको काशी खांबाला धरून बसली होती. वय तिशीचं. वर्षभर सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, ओकारी व्हायची, मग जरा उतार. आता उजव्या डोळ्यानं अंधुक दिसत होतं आणि पाण्याला जाताना पाय डावीकडं ओढत होता.

रामजी हळूच म्हणाला, “डॉक्टरसायब, बैलाच्या डोक्यात गावली तशी गाठ हिच्या डोक्यात नसंल ना?”

“नाही रे,” मी म्हणालो. “जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं.”

एवढंच. एवढंच बोललो. आणि बोलताना मला माहीत होतं की मला तसं वाटत नाही.

मग का बोललो? भीती होती. महाडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी एकदा एका रोग्याबद्दल काही सुचवलं, तर चार लोकांत ते म्हणाले होते, “तुम्ही शेपटीवाल्यांचं बघा.” माणसाच्या दुखण्यात पुन्हा तोंड घातलं तर वर तक्रार जाईल, नोकरी जाईल — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं नाही ते. पण सगळं खरं आहे का?

नाही. त्याच संध्याकाळी मी वहीत लिहिलं: स्त्री, सुमारे तीस. संथ. बैलासारखी.

मुंबईत एखादा सर्जन कवटी उघडून अशी गाठ काढतो, हे मी मासिकात वाचलेलं होतं. रामजीचा भाऊ मुंबईला गिरणीत होता, राहायला जागा होती. दासगावहून बोट मिळत होती. फक्त मी एकदा ‘जा’ म्हणायला हवं होतं. पण ती मुंबईला गेली असती तर माझ्या नजरेआड गेली असती. आणि मला बघायचं होतं. बैलाचं जसं झालं, त्याच क्रमानं होतं का? दुसरा डोळा कधी जातो? पाय कधी?

गुरांचं निमित्त काढून मी आणखी चार वेळा तो डोंगर चढलो. तिला अंगणात चालायला लावलं. डोळ्यांपुढं बोट धरलं. घरात भगताचं चाललं होतं, कोंबडं दिलं गेलं — ते मी पाहिलं आणि गप्प बसलो. शेवटच्या खेपेला तिनं विचारलं, “सायब, मी बरी व्हईन ना?”

होशील, म्हणालो.

मुंबईला ती वाचली असती का? मला माहीत नाही. त्या काळी टेबलावरच जाणारे पुष्कळ. हे पुढं करून मी कितीतरी वर्षं शांत झोपलो. पण जायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं. मी ठरवलं — आणि तिला ते कळूही दिलं नाही.

भात कापणीच्या दिवसांत ती गेली. तेराव्यानंतर रामजी महाडला माझ्याकडं आला, डोक्यावर नाचणीची टोपली. ओट्यावर बसला. म्हणाला, “शेवटाला तिला काय दिसत नवतं. पण तुमच्या बुटांचा आवाज वळखायची. म्हणायची, डॉक्टर आला गो बाय, आता माझं औशद चालू हाय. तुमी येत व्हता म्हणून तिला धीर व्हता, सायब.”

मी तिला एक पुडीसुद्धा दिलेली नव्हती.

तो रडला नाही. टोपली रिकामी करून द्या, म्हणाला. मी आत जाऊन नाचणी ओतून घेतली, टोपली त्याच्या हातात दिली. तो पोलादपूरच्या रस्त्याला लागला. मी आत आलो, वही उघडली आणि तिच्या नोंदीखाली लिहिलं — डोके उघडता आले नाही.