चिमणीखालची उदबत्ती

बोरीवलीचा आमचा फ्लॅट विकायचा होता. घेणाऱ्यांनी घर तपासायला एक बाई पाठवल्या. नाव विचारायचं राहिलंच. त्यांनी पर्समधून उदबत्ती काढून पेटवली आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीखाली, देवापुढे धरावी तशी धरली. धूर सर्रकन वर गेला.

“झकास ओढते ना?” मी म्हणाले.

त्या नुसत्या वाट बघत उभ्या राहिल्या.

आतल्या खोलीतून आई खोकत ओरडली, “अगं, भरदुपारी उदबत्ती कुणी लावली?”

बाईंनी आईच्या पलंगावरचा माळा उघडला. सोसायटीनं बाहेरची भिंत फोडू दिली नव्हती, म्हणून फिटरनं चिमणीचा पाइप तिथेच सोडला होता.

“ओढते छान,” बाई म्हणाल्या. “सोडते कुठे, ते बघायचं राहिलं तुमचं.”

आईच्या खोकल्यापायी इतकी वर्षं मी हायवेच्या धुळीला शिव्या घातल्या. रोज मिरचीची फोडणी मात्र मीच देत होते.