पिठाक्काच्या गिरणीतला शेवटचा नंबर

अनारशाचे ओले तांदूळ मी घरघंटीत घातले. एवढं एकच वाक्य वाचून ज्या बायका कपाळावर हात मारतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांना सांगते : अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कापडावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे. कुटायचे! पण माझ्या घरात वर्षापूर्वी घेतलेली घरघंटी होती, आणि मी अक्कल गुंडाळून तिच्याच मागच्या फटीत ठेवली होती. बटण दाबलं. आत घर्र झालं, मग घुर्र झालं, मग काहीच झालं नाही. जाळीवर लगदा असा लिंपून बसला की आमचे हे, शाळेत गणित शिकवणारे, तासभर उलथन्याने खरवडत होते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर ‘ओले धान्य दळू नये’ असं ठळक मराठीत छापलं होतं. ते पुस्तक मी उघडलंच नव्हतं. पाहुण्यांना दिसेल असं फडताळात उभं करून ठेवलं होतं.

धोंड्याचा महिना. आठ दिवसांवर नवा जावई जेवायला येणार, त्याला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि निम्म्या तांदळाची खळ झालेली. उरलेले तांदूळ पातेल्यात झाकून, पातेलं पदराखाली धरून मी निघाले. ज्या दारात जायचं मी वर्षभर टाळलं होतं, त्याच दारात गेले. पिठाक्काच्या गिरणीत.

देवळालीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती गिरणी होती. पिठाक्काचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. त्यामुळे ती तरुणपणीच म्हातारी दिसायची आणि म्हातारपणी तेवढीच. नवरा लवकर गेला. मोटरीचा पट्टा निसटला तर पदर खोचून ती स्वतः चढवायची, मिस्त्रीची वाट बघायची नाही.

ती माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, डब्याकडे बघे. गल्ली तिला डब्यांवरून पाठ होती. आमचा डबा एका अंगाने चेपलेला. रस्त्यात मी दिसले तरी ती ओळखेल याची खात्री नाही, पण डबा हातात असला की लांबूनच, “आला का चेपका? मास्तरीन, आज ज्वारी का गहू?” दळण पडायला लागलं की ती अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरून चोळायची आणि दगड किंचित आवळायची किंवा सैल सोडायची. मी एकदा म्हटलं, “आक्का, उरका की जरा, भाजी चुलीवर आहे.” तर म्हणाली, “भाजी उतरून यायची. पिठाला घाई कळती. भाकर फाटली की तू मला शिव्या देशील, मला इथं उचक्या लागत्यात.”

गिरणी सुरू असली की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, आणि खरी गंमत तीच होती. जे घरात बोलता येत नाही, ते गिरणीत ओरडून बोलता येई. सासू, नणंद, नवऱ्याचं पिणं, पाळी चुकणं, सगळं शेजारणीच्या कानाला तोंड लावून, बेंबीच्या देठापासून. मधेच पिठाक्काने मोटर बंद केली की एखादीचं अर्धं वाक्य उघडं पडायचं : “...आणि मग मेल्याला मी...” सगळ्या जणी डब्यात तोंड घालून हसायच्या. पिठाक्का मात्र गंभीरपणे म्हणायची, “बोल गं, मी काय ऐकलं न्हाई,” आणि मुद्दाम मोटर पुन्हा चालू करायची.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून सुमन राहायची. नगरपलीकडची, कोरडवाहू मुलखातली पोर, लग्न होऊन इकडे उसाच्या गावात आलेली. तिच्या सासूचा कारभार असा, की सुनेने देवळात जायचं नाही, नळ घरात म्हणून पाण्याला जायचं नाही, माहेरी सणाला एकदा. दळण तेवढं बाहेरचं. आठवड्यातून एकदा सुमन डबा घेऊन यायची, आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती : तिचा नंबर कधी लागतच नसे. ती पहिली आली तरी पिठाक्का तिचा डबा उचलून रांगेच्या शेवटी ठेवायची. मला वाटायचं, म्हातारी गरीब पोरीवर अन्याय करते. एकदा मी तावातावाने बोललेही, “आक्का, तिचा नंबर आधी आहे!” पिठाक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दळणातल्या खड्याकडे पाहावं. सुमन खाली मान घालून म्हणाली, “राहू द्या काकू.” तेव्हाही मला कळलं नाही. मॅट्रिक झालेली बाई मी! काही गोष्टी कळायला मॅट्रिक पुरत नाही.

त्यानंतर घरघंटी आली. प्रात्यक्षिकवाला माणूस आला तेव्हा मी गल्लीतल्या बायका बोलावून चहा केला. एवढं तर त्या बिचाऱ्या यंत्राच्या कारखानदारानेही केलं नसतं. “उन्हात जायला नको, नंबर लावायला नको, दुसऱ्याच्या दळणाची भेसळ नको,” असं मी हातवारे करून सांगत होते. सुमनची सासू पुढच्या पाटावर बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे सुनंला भाईर धाडायला लागत न्हाई?” मी छाती काढून म्हटलं, “अजिबात नाही!” पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे घरघंटी आली, मग आणखी चार घरांत. मला इतका अभिमान वाटला, की जणू गल्लीत मीच वीज आणली.

तर त्या दिवशी मी पातेलं घेऊन दारात उभी. गिरणी बंद होती, गिऱ्हाईकच नव्हतं. पिठाक्काने पातेल्यात बोट घातलं.

“ह्ये यंत्रात घातलंस?”

“घातलं.”

“लई शानी. माझ्या दगडाला बी ओलं चालत न्हाई. चल मागं.”

मागे उखळ होतं. एक मुसळ तिने घेतलं, एक मला दिलं. आळीपाळीने घाव घालत होतो आम्ही. माझे चुकत होते, तिचे नाही. मी वाट बघत होते, आता ती टोमणा मारेल, गिऱ्हाइकं तोडलीस म्हणेल. माफीची वाक्यं मी घरून पाठ करून आले होते. ती पीठ चाळता चाळता म्हणाली, “सुमी दिसती का गं?”

“असेल की घरात.”

“घरातच हाय, त्ये मला बी ठावं हाय. दिसती का, इचारलं.”

माझा हात थांबला. शेवटी ठेवलेला तो डबा डोळ्यांपुढे आला आणि वर्षभर न कळलेलं एका क्षणात कळलं. म्हातारी त्या पोरीला तास-दीड तास मिळवून देत होती, आणि तो तास मी चहा पाजून बंद केला होता.

मी तशीच, हाताला पीठ घेऊन, सुमनच्या घरी गेले. सुमन भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. सुपात खडा दिसत नव्हता तरी निवडत होती. खोटं बोलण्यात मी जन्माची हुशार. सासूला म्हटलं, “अहो, घरघंटीत थालिपिठाची भाजणी मुळीच दळू नका. कडू होते. आमच्या ह्यांचं पोट बिघडलंय.” घरघंटीच्या बाबतीत गल्लीत माझा शब्द शेवटचा! सासूने भाजणी गिरणीत धाडायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी एकदा का होईना, सुमनचा डबा पुन्हा रांगेच्या शेवटी लागला. रांगेत तो एकटाच असायचा, तरी शेवटीच. आणि हो, माझे अनारसे तुपात हसले नाहीत, म्हणजे फुटून विरघळले नाहीत; हसायची पाळी गल्लीची होती, ती तिने भरपूर हसून घेतली.

दोन-तीन वर्षं असं चाललं. पण पंधरा दिवसांच्या भाजणीवर मोटर किती दिवस फिरणार? मग पिशवीबंद पीठ आलं. पिठाक्काला दम्यानेही धरलं. तिची लेक तिला राजूरला न्यायला आली.

आता त्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. पुण्याची नात फोनवर बोट फिरवून सात धान्यांचं पीठ मागवते. म्हणते, “आजी, बाहेर पडायला कारण कशाला लागतं? वाटलं की पडायचं.” तिला ते खरंच लागत नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. घरघंटी मीही टाकलेली नाही. गुडघे आधी, तत्त्वं नंतर. तरीही जीव थाऱ्यावर राहत नाही. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, सुमनला आता कुणी अडवत नाही. रोज पहाटे ती मला मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवते. दोन घरं सोडून राहते. पण गेल्या चार महिन्यांत तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही. मीही तिचा ओलांडलेला नाही. मीही फुलंच पाठवते. दुपारी उगाच उठते, दारापर्यंत जाते, काय निमित्त सांगावं ते सुचत नाही, परत फिरते.

पिठाक्का निघाली त्या दिवशी मोटर टेम्पोत चढवली होती, दगड भिंतीशी आडवे पडले होते. तिने तोंड धुतलं होतं. भुवया काळ्या निघाल्या, मला ती ओळखूच येईना. घरून पाठ केलेली माफी मी शेवटी तेव्हा बोलले. म्हटलं, “आक्का, माझ्यामुळे तुमची गिरणी बसली.”

टेम्पोत चढता चढता ती थांबली. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली :

“गिरनी बसली तं बसली गं, मास्तरीन. आता बायांनी कुठं बसायचं, त्ये सांग.”