मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी चालत येतात, दोन पासपोर्ट फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेऊन! वारज्यातल्या आमच्या एवढ्याशा गाळ्यात मी तेवीस वर्षं फॉर्म भरतेय. लर्निंग, पक्कं, रिन्यूअल, गाडी नावावर करणं, सगळं. संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारतो, "आज कोण?" जेवणं उरकतात, पण माझं सांगून संपत नाही.

यातले निम्मे किस्से मास्तरांचे. मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने शिकवणारे. मूळचे मांजरी गावचे, तरुणपणी उसाचे ट्रक चालवलेले. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी बोलणं अजून तिकडचंच. यंदा त्यांना पंच्याहत्तरावं लागलं आणि लायसनची मुदत संपत आली. मुलगा म्हणाला, "आप्पा, आता बास. घरी बसा." मास्तर म्हणाले, "लायसन गेल्यावर सकाळी उठून मी करू काय?" रिन्यूअल करायचं की नाही यावरून बापलेकांत दोन महिने बोलणं बंद होतं! मला मात्र मास्तरांशिवाय ऑफिस ही कल्पनाच सहन होत नव्हती. त्यांचा फॉर्म मी कधीच भरून ठेवला होता, फक्त डॉक्टरांचा दाखला यायचा होता.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. वारज्यात तेव्हा मोकळे प्लॉट होते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. एक निवृत्त प्राध्यापक दोन बस बदलून थेट सदाशिव पेठेतून शिकायला यायचे. "एवढ्या लांब कशाला, सर?" मी विचारलं. म्हणाले, "पेठेत शिकलो तर ओळखीचे बघतात."

सरांचा एक नियम होता. क्लच दाबल्यावर आत नेमकं काय होतं हे समजल्याशिवाय ते पाय ठेवणार नव्हते! चार दिवस ते गाडीत बसून वहीत टिपणं काढत होते. मास्तर बिचारे आठवेल तसं सांगत होते. पाचव्या दिवशी मास्तरांनी सरांच्या हातातली वही घेतली, ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली आणि दार लावून घेतलं.

"सर, चार दिस शिकली ती हीच. आता हीच चालवंल."

सरांनी दार उघडलं. मग वही उचलली आणि सीटवर बसले. पास झाल्यावर ती वही त्यांनी मास्तरांना भेट दिली, अजून आमच्या कपाटात आहे.

*

आता एक समजून घ्या. शिकवायच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोटाळा केला की मास्तर आपल्या बाजूने दाबतात.

एक बाई शिकायला यायच्या, बँकेत नोकरीला होत्या. रविवारी त्यांचे मिस्टर मागे बसायचे. बसायचे म्हणजे काय, अखंड बोलायचे. "अगं, सांभाळ! अगं, रिक्षा! अगं, ब्रेक!" बाईंच्या कपाळाला घाम. मास्तरांनी डुक्कर खिंडीच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली, मागे वळले आणि अगदी अदबीने म्हणाले,

"सायेब, तुमी उतरा. या गाडीला दोनच बिरेक हायत. तिसरा बसत न्हाय."

साहेब उतरले. तिथून चालत ऑफिसात आले आणि माझ्यापुढे तासभर तक्रार केली. मी पाणी दिलं. तोवर बाई एकट्या मास्तरांबरोबर चांदणी चौकापर्यंत जाऊन आल्या होत्या, हसत!

*

लर्निंगच्या वेळी पूर्वी इन्स्पेक्टर तोंडी प्रश्न विचारायचे. आमच्याकडचे एक किराणा दुकानदार, साठीचे, रस्त्यावरच्या खुणा-पाट्या सगळं पाठ करून गेलेले. मी फाइल घेऊन शेजारी उभी.

"झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला तर काय कराल?"

"आधी बघीन, ओळखीचा आहे का."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. "आणि ओळखीचा नसला तर?"

"तर थांबेन, जाऊ देईन."

"आणि ओळखीचा असला तर?"

"मग जास्तच थांबावं लागतं हो!"

मला हसू आवरेना म्हणून मी फाइल तोंडापुढे धरली. इन्स्पेक्टरांनी गंभीर चेहऱ्याने पुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलं. ते तरी काय करणार, उत्तर बरोबरच होतं.

*

हल्ली तो तोंडी प्रकार गेला. सगळं कॉम्प्युटरवर, दंडसुद्धा फोटोसकट मोबाईलवर. गेल्या वर्षी एक आजोबा आले. विनाहेल्मेट स्कूटर, चौकातल्या कॅमेऱ्यात टिपलेले. मी म्हटलं, "काका, फोटो स्पष्ट आहे, भरून टाका."

"भरतो की. आपण नियम मोडला, आपण भरायचा," काका म्हणाले. "पण त्यांना कळवा, फोटो काढायच्या आधी सांगत जा. मान वाकडी आलीय."

*

मास्तर इतके चांगले शिकवायचे की त्यातून एकदा भलताच घोळ झाला. कॉलेजात शिकवणारी एक मुलगी पहिल्या झटक्यात पास झाली. नवीन गाडी घेतली, पूजा झाली, पेढे आले. तिसऱ्या दिवशी गाडीचा पुढचा दिवा फोडून ऑफिसात हजर! "तुमची गाडी किती छान होती. माझ्या गाडीचा ब्रेक लागतच नाही, कंपनीने फसवलं."

मास्तर तिची गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. ब्रेक उत्तम होता. मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले. "ताई, चूक माजी हाय. महिनाभर तुमचा बिरेक मीच मारत हुतो. तुमच्या गाडीत माजा पाय न्हाय."

त्या मुलीला त्यांनी पुढे आठ दिवस तिच्याच गाडीवर फुकट शिकवलं. आणि तेव्हापासून एक पद्धत पाडली. शिकवणीचे शेवटचे दोन दिवस मास्तर आपल्या सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. पाय वर म्हणजे पाय वर! रस्त्यावरचे लोक बघायचे, गाडीत कुणी जेवायला बसलंय की काय. आमच्याकडे मग ‘पास होईल का?’ असं कुणी विचारायचंच नाही. ‘मास्तरांनी मांडी घातली का?’ असं विचारायचे.

*

एकदा कर्वे रस्त्याला शिकणाऱ्याने सिग्नल तोडला. हवालदाराने गाडी अडवली, खाली वाकून बघितलं आणि एकदम ताठ झाला. "मास्तर, तुम्ही?" आमच्याकडेच शिकलेला! परीक्षेला पाठवण्याआधी मास्तरांनी त्याला तीनदा मागे ठेवलं होतं.

शिकणारा खूश झाला. सुटलो म्हणाला. हवालदाराने खिशातून पेन काढलं. "मास्तर, पावती फाडावी लागंल. तुम्हीच शिकवलंय."

मास्तर ऑफिसात आले ते पावती नाचवत. जवळजवळ वर्षभर ती वरच्या खिशात होती, येईल त्याला दाखवायचे. "बगा, माज्या पोरानं फाडली!" इतके खूश मी त्यांना त्यांच्या नातवाच्या बारशालाही बघितलं नाही. आता तशी माणसं कमीच, असं म्हणायचं माझं वय झालंय, त्याला इलाज नाही.

*

तर गेल्या मंगळवारी मास्तर डॉक्टरांचा दाखला घेऊन आले. डॉक्टरही आमच्याकडेच शिकलेले. ते म्हणाले होते, "मास्तर, तुमचे डोळे मी काय तपासणार? द्या इकडे, सही करतो." मास्तरांनी हट्टाने सगळं तपासून घेतलं. चष्म्याने नजर ठीक, रक्तदाब ठीक. सही, शिक्का. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला. दाखला स्कॅन केला, फॉर्मला जोडला, आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

"थांबा ताई," मास्तर म्हणाले. "आदी एक चक्कर टाकू. डाक्टरनं डोळं बघितलं. गाडी कुणी बघितली?"

दुसरे शिकवणारे बाहेर गेले होते, म्हणून मलाच नेलं, तेही मास्तरांच्या नेहमीच्या सीटवर. मास्तर स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर. म्हणाले, "मांडी घालून बसा." मी म्हटलं, "मास्तर, माझे गुडघे बघा आणि बोला!" मग मी पाय खालीच ठेवले, जमेल तेवढे आखडून.

काय सुरेख चालवली हो! गिअर कधी पडला तेही कळलं नाही. भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत वळलो. दोन टेम्पोंच्या मधून एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन अचानक पुढे आल्या. मी बघितलं. मास्तरांकडे बघितलं. ते समोरच बघत होते, पण गाडी चाललेलीच होती.

गाडी थांबली. बाईंपासून हातभर अंतरावर. बाईंनी आम्हाला यथेच्छ बोल लावले आणि निघून गेल्या. माझा पाय अजून खाली दाबलेलाच होता.

"ताई, बिरेक कुणी मारला?"

"तुम्हीच की, मास्तर!" मी म्हटलं. तेवीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

त्यांनी एकदा माझ्या पायाकडे बघितलं. इंडिकेटर देऊन, आरसा बघून, सावकाश गाडी ऑफिसापर्यंत आणली. मी कॉम्प्युटरपुढे बसले. बटण दाबायला हात पुढे केला, तो मास्तरांनी धरला.

"ह्यो नगं. लर्निंगचा उघडा."

"लर्निंगचा? कुणाचा?"

"तुमचा. इतकी वर्सं लोकांचं भरलं, सोताचं केलंच न्हाई."

खरं होतं. हजारो लोकांची लायसनं काढून मी अजून बसनेच घरी जाते. "अहो, या वयात? आणि शिकवणार कोण मला?"

मास्तरांनी खिशातून आपलं लायसन काढलं, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरलं आणि तारीख वाचली.

"मी. अजून बावीस दिस हायत माज्याकडं."