तात्यांच्या नावाने उघडलेलं मशीन

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी तात्यांचं नाव घेतो. तात्या म्हणजे आमच्या इंदापूरच्या शाळेतले क्लार्क. मी पळसदेवहून एसटीने शाळेत यायचो. वडील धरणाच्या पाण्यात जाळी टाकायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे दहावीनंतर काय करायचं असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म तात्यांनी स्वतः भरला, दाखला कुठल्या टेबलावर मिळतो ते दाखवलं आणि वडिलांना शाळेत बोलावून सांगितलं, "पोरगं हुशार हाय. त्याला होडीत घालू नका, बारामतीला धाडा."

मी बी.एस्सी. झालो, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. तोवर तात्या त्याच संस्थेच्या बारामतीच्या कॉलेजात हेडक्लार्क म्हणून आले होते. रोज इंदापूरहून ये-जा करायचे. तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हंगामी जागा निघाली तेव्हा अर्ज करायचा निरोप त्यांनीच पाठवला. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं.

लॅबमधल्या सर्व्हरची, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरची, एक वायर व्हरांड्यातून ऑफिसात नेऊन तिथे एक मशीन जोडलं होतं. मशीन एक आणि माणसं चार: तात्या, परीक्षा विभागाच्या मॅडम आणि दोन क्लार्क. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने आत जायचं, स्वतःचा पासवर्ड टाकायचा, काम झालं की बाहेर पडायचं. एवढं सांभाळणं हे माझं काम. मला वाटलं होतं, आठवडाभरात सगळे शिकतील.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "हे मशीन बिघडलंय. नाव उमटतं, पासवर्ड उमटत न्हाय."

"मॅडम, तो उमटत नसतोच. शेजारच्याला दिसू नये म्हणून."

"शेजारच्याचं ऱ्हाऊ द्या, मला तरी दिसाय नको का?"

त्या बटणं आणखी जोरात दाबायच्या. तीनदा चुकलं की त्यांचं नाव बंद व्हायचं आणि मी लॅबमधला तास सोडून ते उघडायला पळायचो. त्यात रोज वीज जायची. मशीन बंद पडायचं, पण बॅटरीवरच्या सर्व्हरला वाटायचं, माणूस अजून आतच आहे. वीज आली की तो त्याच माणसाला दुसऱ्यांदा आत घ्यायचा नाही.

"आरं, मी हितं खुर्चीत बसलोय अन् ते म्हणतंय तुमी आत हाय," तात्या म्हणायचे. "मग आत कोण बसलंय माझ्या नावानं?"

सगळे हसायचे. मीही हसायचो; पण दिवसातून पाचव्यांदा तेच झालं की हसू येत नसे.

महिनाभरात ऑफिसने आपला मार्ग काढला. सकाळी तात्या आले की मशीनला उदबत्ती ओवाळून स्वतःच्या नावाने आत जात आणि मग दिवसभर सगळे तात्यांच्याच नावावर काम करत. वीज गेली तर पुन्हा तात्यांचाच पासवर्ड. तो सर्वांना पाठ होता. मी धाकट्या क्लार्कला म्हणालो, "तुम्ही तुमच्या नावाने आत जा ना. आधी तात्यांचं नाव बाहेर काढा."

तो दचकलाच. "तात्या समोर बसल्यात अन् त्यांना बाहेर काढून मी आत जाऊ? बरं दिसंल का ते?"

मॅडम म्हणाल्या, "आमच्या घरी लाइटचा मीटर सासऱ्यांच्या नावावर हाय. म्हणून बाकीच्यांनी बटण दाबायचं न्हाय का?"

मी नियमांचा कागद टाइप करून भिंतीवर चिकटवला. आठवड्यात त्यावर कॅलेंडर लागलं. माझी चिडचिड व्हायची, पण तात्यांना कडक बोलायला माझी जीभ रेटत नव्हती.

आणि खरी चूक तर मीच करून बसलो होतो. नावं तयार करताना कुणाला किती अधिकार, हे मला ठरवायचं होतं. क्लार्कना आपापल्या फाइली पुरे होत्या. तात्यांनाही तेवढेच पुरे होते. पण मी लॅबमधला हंगामी माणूस. माझ्या नावाला सर्व्हरवरचं काहीही खोडायची मुभा आणि ज्यांनी मला इथवर आणलं त्यांच्या नावाला नाही, हे मनाला पटेना. मी तात्यांना माझ्याइतकेच सगळे अधिकार दिले. त्यांना ते सांगितलंही नाही. मनातल्या मनात मी त्यांना मान देत होतो.

परीक्षेची हॉल तिकिटं छापायच्या आठवड्यात मॅडमनी याद्या उघडल्या तर फोल्डर रिकामं. तिन्ही वर्गांच्या याद्या गेल्या होत्या. डिस्क भरली म्हणून कुणीतरी जुनं समजून सगळंच खोडलं होतं. मी सर्व्हरवर शोधलं. दोन वर्गांच्या याद्या परत मिळाल्या, तिसरी मिळाली नाही. परत आलेल्या फाइलींपुढे खोडणाऱ्याचं नाव होतं: तात्या.

कागदी फॉर्म कपाटात होते, म्हणून निभावलं. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने नावं टाइप केली. एकाही विद्यार्थ्याचं हॉल तिकीट चुकलं नाही. पण प्राचार्य ऐकायला तयार नव्हते. त्यांनी तात्यांना रजेवर घरी बसवलं आणि मला बोलावलं.

"कुणी खोडलं?"

"सर, त्या नावावर चौघंही बसतात."

"मला गोष्ट नको. मशीन काय सांगतं तेवढं लिहून द्या. उद्या सकाळी."

तात्यांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. चौतीस वर्षांत त्यांना एकही मेमो मिळालेला नव्हता. माझ्या सहीचा कागद गेला असता तर पहिला मेमो मिळाला असता, तोही याच टप्प्यावर. मी ऑफिसात विचारलं, याद्या कुणी खोडल्या? तिघांपैकी कुणीही कबूल केलं नाही. मला वाटतं, ज्याने खोडल्या त्यालाही ते आठवत नसावं. मला फार राग आला, त्यांचाही आणि माझाही.

संध्याकाळच्या एसटीने मी इंदापूरला तात्यांच्या घरी गेलो. त्यांनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, "लिव की माझं नाव. माझ्या नावावर झालंय, ते माझंच. तू नवा हायस, तुझी नोकरी जाया नको."

"पण तुम्ही केलं नाही."

"व्हय, न्हाय केलं. पण लेका, पासवर्ड मीच वाटला की समद्यांला."

अधिकारांचं तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. परतीच्या गाडीत मी स्वतःवर चरफडत होतो. सकाळी अहवाल दिला आणि दुपारी पोस्टात हे पत्र टाकलं.

तीर्थस्वरूप तात्यांना नमस्कार,

काल समोर बसून जे सांगता आलं नाही ते लिहितो. मशीनवर तुमचं नाव दिसतं, हे मी अहवालात लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. पण त्या नावाला याद्या खोडता आल्या, कारण तसे अधिकार मी दिले होते. तुम्ही मागितले नव्हते आणि तुम्हाला ते माहीतही नव्हते. तुमच्या कामाला त्यांची गरज नव्हती. तुम्ही मोठे, म्हणून दिले. हेही अहवालात लिहून खाली सही केली आहे. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. तुम्ही सोमवारपासून कामावर यायचं आहे. माझं काय करायचं ते जूनमध्ये बघू म्हणाले. त्याची काळजी करू नका.

आज मी तुमच्या नावाचे जास्तीचे अधिकार काढून घेतले. आता तुम्हाला मॅडमइतकेच अधिकार आहेत. याचा राग मानू नका. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

जुना पासवर्डही बंद केला आहे. नवा मी ठरवलेला नाही. सोमवारी तुम्ही तो स्वतः टाका. मी तोंड फिरवून उभा राहीन, आणि बाकीच्यांनाही फिरवायला लावीन.