पासून, पर्यंत आणि पोळ्याची कर

दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसतो. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, तरी तांड्यावरची माणसं मला साहेबच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. बाळंतपणाच्या नोंदी मी भरतो, कोणाला जुना कागद हवा असला की काढून देतो. त्यासाठी पडद्यावर दोन चौकटी आहेत, 'पासून' आणि 'पर्यंत'. दोन्हींत तारखा टाकल्या की तेवढ्याच दिवसांच्या नोंदी समोर येतात. नावानं शोधण्यात अर्थ नसतो. अर्ध्या तांड्याचं आडनाव एकच, आणि नावाचं स्पेलिंग तर माझ्यासकट प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं केलेलं.

पण आमच्याकडे तारीख सांगतं कोण? "तूर सोंगली तवा." "होळीच्या आंधी." "माह्या भावाचं लगन झालं ना, त्याच हप्त्यात." मी चिडायचो. या डब्याला मी तूर कुठून सांगू, असं तोंडावर म्हणायचो आणि लोक हसायचे. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा, पण खुर्चीवर बसलं की माणसाला शिंगं फुटतात.

दिवाळीच्या तोंडावर एकदा मानोऱ्याकडच्या तांड्यावरून एक बाई एकटीच आली. पंचविशीतली असेल.

"मागच्या साली माह्यं लेकरू गेलं, साहेब. मले झटके आलते, सुद नोती. सासूनं सांगतलं, मेलेलंच झालं. पन बाजूच्या खाटेवरची बाई परवा बजारात भेटली. थे म्हने, तुह्यी पोरगी तं रडली होती. थेवढं पाहून द्या. रडली होती का?"

सासूलाच विचार ना, मी म्हणालो. सासू उन्हाळ्यात वारली होती.

आमच्या नोंदीत तसा रकाना आहे. जन्मल्याबरोबर रडले का, होय किंवा नाही. मी विचारलं, "कधीची गोष्ट?"

"पोळ्याच्या करीले."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. मी तिचं नाव लिहून घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात यंदाचा पोळा पाहिला, वर्ष मागचं केलं, पुढेमागे दोन-दोन दिवस धरले आणि तारखा टाकल्या. नोंद सापडली नाही. मागे लाइन लागली होती, एक म्हातारा खिडकीवर काठी आपटत होता. तारखा आणखी लांबवल्या तर कॉम्प्युटर अडकून बसायचा, आणि माझी जेवायची वेळ झाली होती.

"यात काही नाही, बाई."

"म्हंजे नोती रडली?"

"नसेल," मी म्हणालो.

नोंद नाही म्हणजे रडली नाही, असं कुठं असतं? पण तिनं मान हलवली आणि गेली.

दिवाळीनंतर मी सासुरवाडीला गेलो. फराळाचं ताट पुढे ठेवत सासूबाई चेष्टेनं म्हणाल्या, "मागच्या साली धोंड्यात अनारसे खाल्ले ना जावईबापू, औंदा चिवड्यावर भागवा." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मागच्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिना श्रावणातच आल्यामुळे पोळा यंदापेक्षा दीडेक आठवडा पुढे गेला होता. अनारशांचं वाण मी स्वतः घेतलं होतं, नवा शर्ट घालून, आणि तारखा टाकताना माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्याबरोबर मी तारखा बदलल्या. नोंद पहिल्याच पानावर होती. मुलगी. जिवंत जन्म. रडले: होय. चार तासांनी मृत्यू.

कागद छापून मी तांड्यावर गेलो, तर त्यांच्या घराला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, ऊसतोडीला गेले, आता उन्हाळ्यातच येतील. कुठल्या कारखान्यावर, तिला माहीत नव्हतं. सगळा हिवाळा तो कागद माझ्या बॅगेत राहिला. लाज वाटायची म्हणून मी तो बायकोलाही दाखवला नाही.

उन्हाळ्यात ते परत आल्याचं कळलं तसा मी गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. मी कागद पुढे करून उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की माझं चुकलं, तारीख चुकली, मुलगी रडली होती.

तिचे हात थांबले. "तुमी तं म्हनले होते, नसंल."

"हो."

"मंग मी मनाले समजावून राह्यली होती. रडली नाही, तं तिले काई समजलंच नसंल. दुखलं नसंल." तिनं सूप बाजूला ठेवलं. "किती वेळ होती?"

"चार तास."

"चार तास तिले घेतलं कोनं?"

त्याचा रकाना नाही. त्या दिवशीच्या सिस्टर बदली होऊन गेल्या होत्या, आणि त्यांना फोन करून विचारावं, हे मला इतक्या महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"सिस्टरनं," मी म्हणालो. "मिनिटभरसुद्धा खाली ठेवलं नाही."

"हे लिवलं हाये यात?"

"हो."

"कुठं?"

तिला वाचता येत नव्हतं, आणि कागद तर इंग्रजीत होता. मी वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी बोट उचललं तसं तिनं आपलं तिथं ठेवलं, आणि मी निघालो तरी ते तिथंच होतं.