त्यांच्या डोळ्यांबद्दल मी बोलले ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेला बसले की देवाला हे सांगण्यापर्यंत येते — आणि मग आजाऱ्यांचं, लेकरांच्या परीक्षेचं मागून उठते.

माझे यजमान चाकूरच्या चर्चमध्ये पाळक आहेत. माझी चौथी झालेली. चारचौघांत मला बोलता येत नाही. पण शनिवारी संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की ते उद्याचा उपदेश आधी मला सांगत. "तुला कळलं तर मंडळीला कळंल." माझा हात मध्येच थांबला, की तेवढंच पुन्हा सोपं करून सांगत. माझ्यासारखीला कुणी एवढं विचारतं का?

मग नांदेडच्या मित्राकडून त्यांनी बायबलवरच्या इंग्रजी भाष्यग्रंथांतला एक खंड वाचायला आणला. एकेका वचनावर पानंच्या पानं. त्या शनिवारी ते स्वयंपाकघरात आलेच नाहीत. मेथी निवडून झाली, तरी मी बसून होते.

एकच शनिवार. तेवढाच.

त्यांच्या सेवेला पंचवीस वर्षं होत होती. त्या भाष्यग्रंथांचा सगळा संच त्यांना न सांगता भेट द्यावा, असं मंडळीत चाललं होतं. काहींना वाटे, एवढी पुस्तकं कशाला? म्हणून मंडळीतल्या शांताबाई मला विचारायला आल्या.

"पाळकीणबाई, तुम्ही हाव म्हणा, की घेतो. सायेब वाचतेल ना? का कपाटात ठिवून धूळ पुसायचं काम तुमच्याच गळ्यात?" आणि हसल्या.

मला माहीत नव्हतं का? खंड परत करायला ते निघाले, तेव्हा पिशवीत घालण्याआधी त्यांनी त्यावरून हात फिरवला होता — मी बघितलं होतं.

मी म्हणाले, "नका घेऊ. त्यांला आता बारीक अक्षर दिसत न्हाई."

खोटं. माझ्या सुईत दोरा अजून तेच ओवून देतात.

मंडळीनं बोलणारं बायबल दिलं — बटण दाबलं की वाचून दाखवणारं लहानसं यंत्र. शांताबाई म्हणाल्या, "आता बारीक अक्षराची कटकट न्हाई." यजमानांनी हसून माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर त्यांनी यंत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. "तुझा इचार केला बघ त्यांनी. लई बरं झालं." खरंच खूश होते. तेव्हा तरी सांगायचं — नाही सांगितलं.

आता ते महिन्यातून एकदा एसटीनं नांदेडला जातात. मित्राच्या घरी बसून त्या ग्रंथांतलं वहीत उतरवून आणतात. आणि शनिवारी अजूनही आधी मलाच सांगतात, सोपं करून. मग मी भ्याले कशाला? — कशाला ते मला ठाऊक आहे. ते एकटे पुढे जातील, म्हणून.

काल ते परत आले. वही भरलेली, बोटांना शाई. मी पाणी दिलं. आणि त्यांच्या पिशवीत नवी वही घालून ठेवली.