हिरव्या दोऱ्याचा खिसा
आवकाय लोणच्याचा झणझणीत वास आला की मला मावला गावातलं, मी कामाला होते ते दुकान आठवतं. आमच्या कंपनीची सगळी सुपरमार्केटं दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, त्या दिवशी सकाळीच आम्हा पोरींना निळे टी-शर्ट वाटले आणि जुने मरून शर्ट पोत्यात जमा करून घेतले. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि लाल तेल फरशीभर पसरलं. झाडूपोछा करणाऱ्या मावशीनं त्या पोत्यातून दोन फडकी काढली आणि एक माझ्या हातात दिलं. तो माझाच शर्ट होता, बाह्या कापलेला. त्याचा उसवलेला खिसा मी हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. "काऊन थांबली वं? पूस न," मावशी म्हणाली. "माझा हाय हा." "मंग काय झालं? माझाबी त्याच पोत्यात हाय." आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून पुसत राहिलो. मरून कापडावर तेलाचा डाग दिसतच नव्हता. आता माझ्या अंगावर तिसऱ्याच कंपनीचा शर्ट आहे. परवा त्याचा खिसा उसवला. घरात सुईदोरा आहे, पण मी खिसा तसाच लोंबू दिलाय.